जुन्या छोट्या गाडीचा गिअरबॉक्स कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतलं कुणी सेकंड हँड गाडी बघायला निघालं की रविवारी सकाळी मला फोन येतो. मी मेकॅनिक नाही, फक्त हौस आहे आणि रविवार मोकळा असतो. इंजिन, टायर, रंग याबद्दल लोक घरून तयारी करून येतात. गिअरबॉक्सबद्दल मात्र ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्यावर सगळे खूश असतात. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न एकदा लिहून काढले. उदाहरणं आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांची आहेत, साधारण मारुती ८०० पासून दोन-चार वर्षांपूर्वीपर्यंतची.

गाडीला क्लच नाही, दोनच पेडल आहेत. म्हणजे ऑटोमॅटिक. आणखी काय ओळखायचं?

दोन पेडलांच्या मागे चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात. त्यांचं तेल वेगळं, दुरुस्तीचा खर्च वेगळा, चढावर वागणं वेगळं, अगदी पार्क करायची रीतही वेगळी. ‘ऑटोमॅटिक’ म्हणणं म्हणजे जेवायला काय आहे विचारल्यावर ‘भाजी’ सांगण्यासारखं आहे.

ते चार प्रकार कोणते?

पहिला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या वळणाचं ऑटोमॅटिक. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचऐवजी तेलाने भरलेली एक गोल डबी असते. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं.

दुसरा सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुल्या आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा. पुल्यांचे दोन भाग जवळ-लांब सरकतात, तसा पट्टा वर-खाली चढतो आणि इंजिन व चाकांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर सलग बदलत राहतं. तुमच्या ॲक्टिव्हात हेच तत्त्व आहे, फक्त तिथे पट्टा रबरी असतो.

तिसरा एएमटी. हा आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, साध्या क्लच प्लेटसकट. तुमचा डावा पाय आणि डावा हात जे काम करायचे ते वर बसवलेलं यंत्र करतं. स्वस्त म्हणून आपल्याकडे हाच सगळ्यात जास्त पसरला.

चौथा ड्युअल क्लच. दोन क्लच, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. एक गिअर चालू असतानाच पुढचा लावून तयार असतो. जुन्या छोट्या गाड्यांत हा क्वचितच भेटतो, मुख्यतः फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमध्ये.

गाडी सुरू न करता ओळखता येतं का?

बरंचसं येतं. गिअरच्या दांड्याशेजारची अक्षरं वाचा आणि एकच गोष्ट शोधा: ‘पी’ आहे का?

‘पी’ नसेल आणि नुसतं ‘आर, एन, डी’ आणि बाजूला ‘एम’ किंवा अधिक-उणे असेल, तर आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत तो एएमटी धरून चाला. कारण सरळ आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन बंद झालं की चाकं आणि इंजिन यांच्यात तेलाशिवाय काही उरत नाही, गाडी घरंगळेल. म्हणून आत एक खुंटी दिलेली असते. ‘पी’ला टाकलं की ती दात्यात अडकते आणि चाकं बांधली जातात. एएमटीला ही खुंटी लागत नाही. आपण मॅन्युअल गाडी चढावर गिअरमध्ये टाकून उभी करतो, तशीच एएमटीही गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. रेनो क्विडच्या एएमटीला तर दांडाच नाही, डॅशबोर्डवर मिक्सरसारखं फिरवायचं बटण आहे. त्याच्यावरही ‘आर, एन, डी’ एवढंच.

दुसरी खूण कानाची. सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत आम्ही गाडी बघायला गेलो होतो. मालक काका जिना उतरतानाच सांगत होते, ‘फुल्ल ऑटोमॅटिक आहे, साधंसुधं नाही.’ मी ड्रायव्हरचं दार उघडलं, चावी अजून काकांच्या खिशात, आणि बोनेटखालून दोन-तीन सेकंद ‘घुर्रर्र’ असा आवाज आला. पाण्याचा छोटा पंप लावल्यासारखा. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, एएमटीच्या काही गाड्यांत दार उघडताच किंवा चावी फिरवताच पंप असा दाब भरून घेतो. काकांना वाटत होतं तो फ्यूएल पंप आहे. पाच वर्षं वाटत होतं.

दांड्यावर ‘पी’ आहे. मग टॉर्क कन्व्हर्टर की सीव्हीटी?

खालची अक्षरं बघा. ‘डी’च्या खाली ‘२’ किंवा ‘३’ असे आकडे असतील तर आत मोजता येणारे गिअर आहेत, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. दांड्याच्या मुठीवर अंगठ्याखाली ‘ओ/डी’ असं छोटं बटण असेल, तरी बहुधा तोच. चार गिअरवाल्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये ते बटण वरचा गिअर अडवायला असायचं. आकडे अजिबात नसतील, नुसतं ‘एल’ किंवा ‘एस’ असेल, तर सीव्हीटीचा संशय धरा. संशयच, खात्री नव्हे. खात्री रस्त्यावर होते.

टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं काय बघू?

आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा बघा. मालक शेजारी बसून म्युझिक सिस्टिमचं कौतुक करत असतील, ते आधी बंद करायला सांगा. मोकळा, सपाट रस्ता हवा. पूर्ण थांबा, मग एक्सिलरेटर साधारण अर्धा दाबा आणि तिथेच धरून ठेवा. पाय कमी-जास्त केलात तर काटा तुमच्या पायाबद्दल सांगेल, गिअरबॉक्सबद्दल नाही.

काटा चढला, पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला, पण गाडीची ओढ तुटली नाही, तर टॉर्क कन्व्हर्टर. काटा किती वेळा पडला ते मोजा. त्यात एक मिळवलं की गिअरची संख्या. इथे एक फसगत आहे. वरच्या गिअरला गेल्यावर कन्व्हर्टर ‘लॉक’ होतो, म्हणजे तेलाऐवजी सरळ जोडणी होते, तेव्हा काटा आणखी एकदा थोडासाच, दोन-तीनशे आरपीएम खाली येतो. तो गिअर नव्हे. चार गिअरची गाडी ‘फाइव्ह स्पीड’ म्हणून विकणाऱ्याला बहुतेक हाच काटा दिसलेला असतो.

काटा एका जागी जाऊन बसला, इंजिन एकाच सुरात ओरडतंय आणि वेग मात्र वाढतोय, तर सीव्हीटी. स्कूटर चालवणाऱ्याला हे लगेच कळतं. माझ्या मावशीने, जिला गाडीतलं काही कळत नाही असं तिचे यजमान म्हणतात, मागच्या सीटवरून सांगितलं होतं, ‘ही तर आपल्या ॲक्टिव्हासारखी पळतेय.’ बरोबर होतं तिचं. पण काही सीव्हीटीत खोटे गिअर दिलेले असतात, म्हणजे पट्टा ठरावीक जागी थांबवून गिअर बदलल्याचा भास करतात. त्यासाठी हलक्या पायाने, संथ वेग वाढवून बघा. तेव्हा खरा स्वभाव दिसतो.

काटा पडला आणि त्याच वेळी ओढही तुटली, तुमचं डोकं जरासं पुढे झुकलं आणि मग गाडीने पुन्हा उचल घेतली, तर एएमटी. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सगळ्यात जास्त जाणवतं. शिकाऊ ड्रायव्हर शेजारी बसल्यासारखं वाटतं. गिअर बदलायच्या बेताला पाय थोडा उचलला तर झटका कमी होतो, आणि नेहमीचा मालक नकळत तेच करत असतो. म्हणून चालवायला त्याला नको, स्वतः बसा.

काटा टपकन पडला, ओढ जराही तुटली नाही, पण गर्दीत रांगताना मात्र थोडी थरथर जाणवली, तर ड्युअल क्लच.

माझ्या गाडीत आरपीएमचा काटाच नाही.

जुन्या छोट्या गाड्यांत बऱ्याचदा नसतो. काच वर करा, पंखा बंद करा आणि इंजिनाचा सूर ऐका. सूर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला तर गिअर आहेत. तानपुऱ्यासारखा एकाच पट्टीत राहिला तर सीव्हीटी.

ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप पुढे सरकते. हा पुरावा धरायचा का?

नको. टॉर्क कन्व्हर्टर सरकतोच, पण बऱ्याच एएमटींतही सरकायची सोय मुद्दाम दिलेली असते. या खुणेवर पैज लावू नका.

मॉडेलचं नाव आणि वर्ष सांगितलं तर गिअरबॉक्स सांगता येईल का?

वर्षासकट सांगितलं तर बहुतेक वेळा येईल. नुसत्या नावावरून नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

होंडा सिटी घ्या. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सिटीत ऑटोमॅटिक म्हणजे चार गिअरचा बॉक्स. २००३ ची, लोक जिला ‘डॉल्फिन’ म्हणतात, तिच्यात सीव्हीटी. २००८ च्या सिटीत पुन्हा गिअर आले, पाच. २०१४ मध्ये परत सीव्हीटी. चार पिढ्या, दोनदा माघार. ‘सिटी ऑटोमॅटिक आहे, कुठलं तेल टाकू?’ असं कुणी विचारलं की आधी वर्ष विचारायचं ते म्हणूनच. सिटी छोट्या गाडीत बसत नाही म्हणाल, तर होंडा अमेझ: २०१३ मध्ये पाच गिअरचं ऑटोमॅटिक, २०१६ च्या बदलानंतर सीव्हीटी.

मारुती बलेनो २०१५ पासून सीव्हीटीत मिळत होती, २०२२ च्या नव्या बलेनोत एएमटी आला. डिझायरमध्ये आधी चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, नंतर एएमटी. ह्युंदाई ग्रँड आय १० मध्ये चार गिअरचं जुन्या वळणाचं ऑटोमॅटिक होतं. २०१९ ला ‘निऑस’ आली तेव्हा एएमटी. आय १०, ए-स्टार, रिट्झ यांची ऑटोमॅटिक मॉडेलं चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची. होंडा ब्रिओला पाच. निसान मायक्राला सीव्हीटी. पोलो जीटी टीएसआय २०१३ ला आली ती सात गिअरच्या ड्युअल क्लचची. २०२० च्या पोलोत त्या जागी सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बसला. दोन्ही पोलोंचे दांडे दिसायला सारखेच, त्यामुळे मॅन्युअल मोडमध्ये टाकून डॅशबोर्डवर गिअरचा जास्तीत जास्त आकडा कुठवर जातो ते बघा. सात दिसला तर ड्युअल क्लच.

एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे एएमटी आला २०१४ मध्ये, मारुती सेलेरिओतून. त्यामुळे त्याआधीची दोन पेडलांची छोटी गाडी असेल तर एएमटी नाही, एवढं बोनेट न उघडता सांगता येतं.

जाहिरातीत ‘एजीएस’, ‘एक्सट्रॉनिक’, ‘डीएसजी’ असं काय काय लिहिलेलं असतं.

ती कंपन्यांची दुकानातली नावं. मारुतीचा एजीएस म्हणजे एएमटी. रेनोचा ईझी-आर म्हणजे एएमटी. टाटा झेस्टचा एफ-ट्रॉनिक, तोही एएमटी. महिंद्राचा ऑटोशिफ्ट, पुन्हा तेच. निसानचा एक्सट्रॉनिक म्हणजे सीव्हीटी. फोक्सवॅगन आणि स्कोडाचा डीएसजी म्हणजे ड्युअल क्लच. ‘सेमी ऑटोमॅटिक’ असं मराठीत बोलताना लोक म्हणतात तेव्हा नव्वद टक्के त्यांना एएमटीच म्हणायचं असतं. उरलेल्या वेळी त्यांनाही माहीत नसतं.

आरसी बुकावर लिहिलेलं असतं का?

गिअरबॉक्सचा वेगळा रकाना नसतो. पण मॉडेलच्या पुढे व्हेरिएंट छापलेलं असतं, त्यात बऱ्याचदा ‘एएमटी’, ‘एटी’, ‘सीव्हीटी’ अशी शेपटी सापडते. आरसीवर नाव अर्धवट असेल तर विम्याची पॉलिसी मागा. विमा कंपनीला नेमकं व्हेरिएंट लागतं, कारण त्यावर किंमत ठरते. मालकाचं मूळ इन्व्हॉइस जपलेलं असेल तर त्याहून उत्तम, पण दहा वर्षांनी ते फारच थोड्यांच्या घरात निघतं.

चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. सुरुवातीच्या तीन अक्षरांवरून कंपनी कळते: ‘एमए३’ मारुती, ‘एमएएल’ ह्युंदाई, ‘एमएटी’ टाटा, ‘एमएके’ होंडा. मधल्या अक्षरांत मॉडेल-व्हेरिएंटची खूण असते, पण ती प्रत्येक कंपनीची स्वतःची भाषा. आपण डोकं खाजवण्यापेक्षा तो नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर पार्टच्या खिडकीवर जावं. तिथला माणूस संगणकात टाकून गिअरबॉक्सचा पार्ट नंबरच सांगतो. फोक्सवॅगनवाल्यांना आणखी सोपं: डिकीत स्टेपनीच्या खळग्यात किंवा सर्व्हिस बुकात एक पांढरा स्टिकर असतो, त्याच्यावर इंजिनाच्या कोडशेजारी गिअरबॉक्सचा कोड असतो.

बोनेट उघडून काय दिसेल?

एएमटीत गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक जास्तीचं यंत्र बसवलेलं दिसतं. हायड्रॉलिक असेल तर त्याला तेलाची छोटी प्लास्टिकची बाटलीही असते. ब्रेक ऑइलची बाटली वेगळी, ती यात मोजू नका. टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या गाड्यांत इंजिन ऑइलच्या पट्टीशिवाय आणखी एक पट्टी असते, आणि गिअरबॉक्सपासून रेडिएटरकडे दोन बारीक नळ्या गेलेल्या दिसतात, तेल थंड करायला. सीव्हीटीत ही पट्टी पुष्कळदा नसते.

तेलाच्या रंगावरून कळतं का? मेकॅनिक म्हणाला, लाल म्हणजे ऑटोमॅटिक.

टॉर्क कन्व्हर्टरचं तेल नवं असताना बहुतेक लालच असतं. पण सगळं लाल तेल एक नव्हे, आणि सीव्हीटीच्या तेलाला कुठलाही ठरावीक रंग नाही. ते मुळात वेगळ्या कामाचं असतं: तिथे पोलादी पट्टा पुलीवर घसरू न देता पकडायचा असतो.

हे माझ्या बहिणीने पैसे मोजून शिकलंय. गाडी सीव्हीटीची. घराजवळच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली, त्याने ‘ऑटोमॅटिकचं ऑइल’ म्हणून लाल तेल भरलं आणि बिलावर तसंच लिहिलं. दीड-दोन महिन्यांनी सिग्नलवरून निघताना गाडी थरथरायला लागली, रिक्षा उंच गिअरमध्ये उचलावी तशी. आधी इंजिनाचे माउंटिंग बदलले. मग प्लग. शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला, तेल हातावर घेतलं, आणि त्या मेकॅनिकने काही न बोलता ते बोटांनी चोळून ट्यूबलाइटखाली धरलं. चंदेरी कण चमकत होते, गणपतीच्या दागिन्यांची चमकी हाताला लागते तसे. बिलाचा खरा आकडा तिने भाऊजींना अजून सांगितलेला नाही.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये तेलाचं नाव दिलेलं असतं. तेच, अक्षरासकट.

गाडी क्लचवाली, मॅन्युअल गिअरची आहे, पण चार गिअर की पाच, हे मुठीवरून कळत नाही. मूठ बदललेली आहे.

मुठीवर विश्वास ठेवूच नका. बाजारात शंभर-दोनशे रुपयांत वाटेल ती मूठ मिळते. इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक ओढा, क्लच पूर्ण दाबा आणि प्रत्येक खाच हाताने चाचपा. चौथ्यानंतर दांडा उजवीकडे आणून पुढे ढकला. तिथे खाच लागली, तर ती रिव्हर्सची नाही ना, याची खात्री करा. म्हणजे मोकळ्या जागी, उभ्या गाडीत इंजिन सुरू करून, बेताने क्लच सोडत गाडी पुढे सरकते की मागे ते बघा.

मारुती ८०० मध्ये दोन्ही सापडतात. १९८३ च्या डिसेंबरात आली ती चार गिअरची. पुढे ‘ईएक्स’ मॉडेलमध्ये पाचवा मिळाला. त्याहून जुन्यात, प्रीमियर पद्मिनीत, दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगखाली असायचा. मुंबईत काळीपिवळीत पुढच्या सीटवर बसून प्रवास केलेल्यांना तो आठवत असेल: ड्रायव्हर डाव्या हाताने दांडा खेचायचा आणि मधल्या प्रवाशाच्या गुडघ्याला काही होत नसे. गिअर चारच.

जुनी झेन ऑटोमॅटिक मिळतेय. तिचा गिअरबॉक्स कोणता?

तीन गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. शहरात मजेत चालते. एक्स्प्रेसवेवर इंजिन वरच्या सुरात गात राहील, ते बिघाड समजू नका. पार्ट मिळतात का, हे मात्र घेण्याआधी विचारून ठेवा.

घाटात कुठला बरा?

कसारा किंवा खंबाटकीत ट्रकमागे रांगायचं असेल तर टॉर्क कन्व्हर्टर. तेलच सगळा ताण झेलतं. एएमटी आणि ड्युअल क्लच चढावर नुसत्या एक्सिलरेटरवर रोखून धरले तर क्लच प्लेट जळते. वास येईपर्यंत कळत नाही. त्यात ब्रेकवर थांबा, रांग हलली की निघा. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीत पहिली पसंती चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरला. पेट्रोल जास्त पितो आणि आळशी आहे, हे कबूल.

बॅटरी उतरली तर धक्का मारून सुरू होईल?

क्लचवाली असेल तर होईल. दोन पेडलांची असेल तर जंपर केबल शोधा.

बंद पडलेली गाडी दोरीने ओढून नेली तर चालेल का?

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी नकोच. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधला तेलाचा पंपही बंद, आणि चाकं फिरत राहिली की आतले भाग कोरडे घासतात. पुढची चाकं उचलून न्या, नाहीतर सरळ गाडी पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा. एएमटी न्यूट्रलमध्ये असेल तर ढकलता येते. गिअरमध्ये अडकून बंद पडली असेल तर जागची हलणार नाही.

ऑटोमॅटिकसाठी वेगळं लायसन्स लागतं का?

आपल्याकडे चारचाकीच्या लायसन्सवर असा भेद नसतो. ‘विदाउट गिअर’ची नोंद दुचाकीला असते. ब्रिटनमध्ये मात्र चारचाकीलाही असा भेद असतो. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही, आणि क्लच पेडल नाही म्हणून एएमटीही ऑटोमॅटिकमध्येच धरतात. तिकडे शिकणाऱ्या भाच्यांना कळवा.

दांडा मॅन्युअलचा, खाचा पाच, पण क्लच पेडल नाही. हे काय प्रकरण?

पायाने क्लच दाबता न येणाऱ्या चालकासाठी बदल केलेली गाडी असेल. मुठीवर किंवा दांड्याच्या मागे एक बटण किंवा छोटा लिव्हर शोधा, क्लच तिथे आलेला असतो. आतला गिअरबॉक्स मूळ मॅन्युअलच. हा बदल आरसीवर चढवलेला आहे का, तेवढं बघून घ्या.